द्राक्षं तपासतात, बायांना कोण तपासणार?

आज दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेत गेले होते. थिनिंग, म्हणजे घडातले मणी विरळणं, चालू होतं. सकाळीच औषध फवारणारा ब्लोअर फिरलेला, पानांवर पांढरी भुकटी तशीच, आणि उघड्या हातांनी मणी विरळणाऱ्या बाया. एक तर गरोदर. त्याच हातांनी तिनं भाकरीचं फडकं सोडलं तेव्हा मला राहवेना. "ताई, आधी साबणानं हात धुवा." तर बागेत साबणच नाही!

बर्कली विद्यापीठानं कॅलिफोर्नियाच्या सलिनास खोऱ्यात, शेतमजुरांच्याच भागात, गरोदर बायांच्या लघवीतले ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांचे अंश मोजले आणि पुढे मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. २०११ साली निष्कर्ष आले: सर्वाधिक अंश सापडलेल्या गटातल्या मुलांचा बुद्ध्यांक सातव्या वर्षी सर्वांत कमी अंशवाल्या गटापेक्षा सरासरी ७ गुणांनी कमी. (म्हणजे प्रत्येक मुलाचं असंच होतं असं नाही, पण काणाडोळा करण्याजोगंही नाही.)

युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचे नमुने कीटकनाशकांचे अंश तपासायला आधी प्रयोगशाळेत जातात. मग या बायांचे का नाही? नाशिकला म्हसरूळमध्ये आपलं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, त्यांनी हे काम मनावर घ्यावं. आणि बागायतदार दादांनो, फवारणी झाल्या झाल्या मजूर आत घालू नका. पाणी, साबण, हातमोजे उद्याच बांधावर ठेवा.