सांध्यावर हात ठेवून

पहिल्या दिवशी समुद्र दिसलाच नाही. ऐकू मात्र येत होता. खाली कुठेतरी लाट कड्यावर आपटायची, मग क्षणभर काही नाही, आणि मग मागे फिरणारं पाणी गोटे ओढत न्यायचं त्याचा लांबलचक खळखळाट. पायाखाली ओलं गवत, समोर पांढरं धुकं आणि त्या धुक्याच्या पोटातून येणारा हा आवाज.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, एडिनबरापासून 50-60 किलोमीटरवर, सिकर पॉइंट नावाचं खडकांचं एक टोक उत्तर समुद्रात घुसलं आहे. माझा भाचा एडिनबरामध्ये भूशास्त्र शिकतो. "मावशी, बाकी काही बघितलं नाहीस तरी चालेल, पण तिथे चल," असं त्याने वर्षभर धरून ठेवलं होतं. आणि आम्ही गेलो तेव्हा 'हार' पसरलेला. या किनाऱ्यावर समुद्रावरून येणाऱ्या धुक्याला हेच नाव आहे. वसंतात आणि उन्हाळ्यात उबदार हवा थंडगार समुद्रावरून वाहत येते, तिच्यातल्या बाष्पाचं धुकं होतं आणि वारा ते जमिनीवर लोटतो. आत, किनाऱ्यापासून थोडं दूर, लख्ख ऊन असू शकतं. कड्यावर मात्र हाताच्या अंतरापलीकडचं काही दिसत नाही.

शेतांच्या कडेकडेने जाताना वाटेत सेंट हेलनच्या चर्चचे अवशेष लागतात. छप्पर कधीच गेलंय, भिंती थोड्या उरल्यात. त्या भिंतींत दोन तऱ्हेचे दगड आहेत, काही करडे, काही तांबूस. भाच्याने दोन्हींवर बोट ठेवलं. "हे दोन लक्षात ठेव. उद्या यांचीच गाठ पडणार आहे." उद्या, कारण त्या दिवशी खाली उतरणं शक्यच नव्हतं. टोकाकडे जाणारा उतार चांगलाच तीव्र आहे, आणि ओल्या गवतावर, धुक्यात, तो उतरण्याचा हट्ट धरणं म्हणजे वेडेपणा. मी हिरमुसले होते, हे कबूल करते. इतक्या लांब येऊन परत फिरायचं! पण तो कड्यावरचा आवाज ऐकत आम्ही बराच वेळ उभे राहिलो. डोळ्यांना काही काम नसलं की कान किती ऐकतात, हे मला त्या अर्ध्या तासात कळलं. लाटा सारख्या नसतात. सहा-सात हलक्या लाटांनंतर एखादी अशी यायची की तिचा दणका तळपायाला जाणवायचा.

दुसऱ्या दिवशी आकाश धुऊन काढल्यासारखं होतं. ओहोटीची वेळ बघून निघालो. वरून पहिल्यांदा ते टोक दिसलं, तेव्हा मी तिथेच थबकले. करड्या खडकाचे थर फणीच्या दातांसारखे सरळ उभे, आणि त्यांच्यावर, छपराची पाखी टेकवावी तसे, लाल खडकाचे थर थोडे तिरके निजलेले. खाली उभं, वर आडवं. उतार आम्ही बसत, घसरत, गवताचे झुपके धरत उतरलो. कपारींतून थ्रिफ्टची गुलाबी फुलं डोलत होती. कड्यावर घरटी करणारे फुल्मर पक्षी पंख न हलवता आमच्या डोळ्यांच्या उंचीवरून तरंगत जात होते.

करडा खडक ग्रेवॅक. सुमारे 43.5 कोटी वर्षांपूर्वी इथे आयापेटस नावाचा महासागर होता. त्याच्या तळाशी उतारांवरून चिखल-वाळूचे लोंढे पाण्याखालूनच घसरत येत आणि थरावर थर साचत जाई. थर साचले तेव्हा अर्थातच आडवे होते. पुढे तो महासागर दोन्ही बाजूंच्या भूखंडांनी चेपून मिटवला. तळाचे थर दुमडले, उभे राहिले, उचलले गेले, त्यांचे डोंगर झाले. मग पाऊस, वारा, नद्या यांनी ते डोंगर कुरतडून खाली आणले. त्या झिजलेल्या बुंध्यांवर, सुमारे 37 कोटी वर्षांपूर्वी, नद्यांनी वाळू आणून पसरली. तेव्हा हा भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, हवा उष्ण आणि कोरडी. वाळूतल्या लोहाला गंज चढला, म्हणून हा वालुकाश्म लाल.

हे सगळं भाचा सांगत होता आणि मी मान डोलावत होते. खरं म्हणजे कोटीचा आकडा कानात शिरतो, मनात उतरत नाही. माझ्या मनात उतरला तो 1788 सालचा वसंत. आधुनिक भूशास्त्राचा जनक मानला जाणारा जेम्स हटन तेव्हा साठीच्या पुढेमागे होता. शिक्षण वैद्यकीचं, पण याच बर्विकशर परगण्यात त्याने अनेक वर्षं शेती केली होती. शेतातली माती पावसाबरोबर वाहून जाते, ओढ्यातून नदीत, नदीतून समुद्रात, हे त्याने बांधावर उभं राहून पाहिलं होतं. माती अशीच जात राहिली तर जमीन संपायला हवी. ती संपत नाही, म्हणजे कुठेतरी नवी घडत असली पाहिजे. मला हा विचार फार जवळचा वाटतो, कारण तो चिखलात पाय ठेवून केलेला आहे. 1785 मध्ये त्याने एडिनबराच्या विद्वानांपुढे आपलं म्हणणं मांडलं. जग साधारण सहा हजार वर्षांचं आहे, असं मानणाऱ्यांचा तो काळ. पुरावा शोधत तो गावोगाव हिंडला, आणि 1788 मध्ये गणिताचे प्राध्यापक जॉन प्लेफेअर आणि तरुण जेम्स हॉल यांना होडीत घेऊन याच कड्यांच्या पायथ्याने आला. आम्ही वरून आलो, ते समुद्रातून. काळाच्या इतक्या खोल गर्तेत डोकावताना आपल्याला भोवळ आल्यासारखं झालं, असं प्लेफेअरने नंतर लिहून ठेवलं.

हटनला कोटींचे आकडे ठाऊक नव्हते. खडकांची वयं मोजण्याची रीत विसाव्या शतकात आली. त्याने फक्त एवढं ओळखलं की उभ्या आणि आडव्या थरांच्या मधल्या रेघेत कल्पनेबाहेरचा काळ गेला असला पाहिजे.

"हात ठेव," भाचा म्हणाला.

मी गुडघ्यांवर बसले. अंगठा करड्या खडकावर, बाकीची बोटं लालवर. करडा गार आणि घट्ट, लाल खरखरीत, बोट घासलं की वाळूचे कण सुटणारा. मधली रेघ माझ्या तळव्याखाली झाकली गेली. सुमारे 6.5 कोटी वर्षं. भूशास्त्रात अशा जागेला अनकन्फर्मिटी म्हणतात. मी तिला सांधा म्हणेन.

"इथे काहीच नाही, असं वाटतं ना? थर नाही, जीवाश्म नाही, नोंदच नाही. पण मावशी, सगळा डोंगर उभा राहिला आणि झिजून गेला तो याच रेघेत."

त्याने ते सहज सांगितलं. मी मात्र हात उचलू शकले नाही.

मराठीत आता 'गॅप' हा शब्द चांगलाच रुळलाय. माझ्या बायोडेटात तशी एक गॅप आहे, 2014 ते 2021. एका मुलाखतीत मला विचारलं गेलं, "या सात वर्षांत काही केलं नाही?" आणि मी उत्तर दिलं, "नाही, घरीच होते." विचारणाऱ्याचा मला राग नाही. मी स्वतः असं म्हणाले, याचं दुःख पुष्कळ दिवस राहिलं.

आईला पक्षाघात झाला आणि तिची वाचा गेली. तिसऱ्या महिन्यात पहिला शब्द आला, तो माझं नाव नव्हता. 'माई'. तिची थोरली बहीण, जाऊन वीस वर्षं झालेली. त्यानंतरचा शब्द यायला पाच आठवडे लागले. तिला न दुखवता कुशीवर कसं वळवायचं, हे मी शिकले. भिंतीपलीकडच्या श्वासाची लय बदलली की झोपेतूनही मला कळायचं. हाच भाचा तेव्हा शाळेत होता. सुट्टीत आला की आजीच्या उशाशी बसून भूगोलाचं पुस्तक मोठ्याने वाचायचा, आणि तो काही चुकीचं वाचला की तिची डावी भुवई वर जायची. पुढेपुढे तो मुद्दाम चुकायचा, तिची भुवई बघायला.

यातलं काय लिहिणार बायोडेटात?

मी हात काढला तेव्हा भाच्याने आणखी एक गोष्ट दाखवली, आणि मला ती सगळ्यात जास्त आवडली. लाल खडकाच्या अगदी तळाशी, सांध्याला लागून, करड्या दगडाचे अणकुचीदार तुकडे रुतलेले आहेत. जुन्या डोंगराच्याच कपच्या. वाळू आली ती त्यांच्याभोवती, त्यांना पोटात घेऊन बसली. एका तुकड्यावर मी बोट फिरवलं. इतका काळ लोटला, तरी त्याची कड बोथट झालेली नव्हती.

पाणी पुरतं ओसरलं होतं. खाली ओल्या खडकांवर लिम्पेट नावाचे शंखातले जीव चिकटलेले दिसले, टोपीच्या आकाराचे, बोटाच्या पेराएवढे. पाणी नसताना ते खडकाला असे घट्ट धरून बसतात की नखाने तसूभर हलत नाहीत. भरतीचं पाणी आलं की शंख किंचित उचलून निघतात, खडकावरचं शेवाळ खरवडत फिरतात आणि पुन्हा नेमके आपल्या जागी परततात. शंखाची कड खडकाच्या उंचसखलपणाप्रमाणे वाढत जाते, त्यामुळे ती दुसरीकडे कुठे तशी बसतही नाही. 2015 मध्ये संशोधकांनी यांचे दात मोजले, तेव्हा कोळ्याच्या धाग्यालाही मागे टाकणारी ताकद त्यांत आढळली. पेराएवढा जीव, आणि समोर अख्खा उत्तर समुद्र! मी एकाच्या शेजारी बसून राहिले. एक रिकामी जागाही दिसली, खडकात कोरल्यासारखा गोल वळ, पण तिथला राहणारा नव्हता. बाहेर गेलेला की कायमचा गेलेला, कोण जाणे.

भाचा काही बोलला नाही. थोड्या वेळाने तो येऊन शेजारी टेकला आणि म्हणाला, "आजीला हे दाखवायला हवं होतं." मी म्हटलं, "भुवई उडाली असती."

पाणी चढायला लागलं होतं. आधी खालच्या घळीत बुडबुड आवाज आला, मग फेसाची एक जीभ करड्या दातांमधून आत शिरली आणि मागे सरली. पुढची तिच्यापेक्षा वीतभर पुढे आली. माझ्या शेजारच्या लिम्पेटच्या कडेला पाणी लागलं, सुटलं, पुन्हा लागलं. तो उचलून चालायला लागेपर्यंत थांबावं, असं फार वाटत होतं. पण उतार चढून जायचा होता, आणि समुद्रावर लांब पांढरी रेघ दिसायला लागली होती, हार पुन्हा येत होता. भाच्याने वरून हात पुढे केला. मी तो धरला, आणि निघताना एकदा वाकून बघितलं. शंखाभोवती पाणी भरलं होतं. हलला होता की नाही, ते मला नीट दिसलं नाही.