पाणी येतंय दिसत होतं, मग घरात का थांबलात?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर ह्या विषयावर मी स्वतःहून कधी बोलत नाही. २०१९ च्या महापुरात आम्ही कोल्हापुरात शुक्रवार पेठेतल्या घरात सात दिवस अडकून होतो, हे कळलं की पुण्या-मुंबईचा कुणीही पहिला प्रश्न हाच विचारतो, की अहो पाणी येतंय हे टीव्हीवर आम्हाला दिसत होतं, तुम्हाला दिसत नव्हतं का, मग वेळेत बाहेर का नाही पडलात? विचारण्यात कुणाचा वाईट हेतू नसतो हे मला माहीत आहे. पण एका वाक्यात उत्तर देता येत नाही म्हणून आज बसून लिहितेय.

पहिली गोष्ट म्हणजे पंचगंगेचं पाणी धावत येत नाही, ते चढतं. बाहेरच्या लोकांना पूर म्हटलं की लोंढा डोळ्यासमोर येतो, धो धो आवाज, वाहून जाणाऱ्या गाड्या वगैरे. आमच्या पेठेत तसं काहीच होत नाही. नदी घाटावर असते, मग रस्त्यावर येते, मग जामदार क्लबपाशी आली असं कुणीतरी सांगत येतं, मग गटारीतून उलटं पाणी यायला लागतं, त्याला आपल्याकडं फूग म्हणतात, आणि कितीतरी वेळा ते तिथूनच परत जातं. त्यात पाऊस पडतो गगनबावड्याला, राधानगरीला, दाजीपूरच्या जंगलात. भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी ह्या सगळ्यांचं पाणी प्रयाग चिखलीपाशी एकत्र येतं आणि मग आमच्या दारात. म्हणजे इथं उघडीप असते, लोक छत्री न घेता पूर बघायला आलेले असतात, आणि पाणी मात्र चढतच असतं. वर ऊन आणि खाली वाढणारं पाणी हे ज्यानं बघितलं नाही त्याला त्यातली फसवणूक कळणार नाही.

दुसरं, आमच्याकडं एक जुनी खूण होती. २००५ च्या पुरात पाणी आमच्या उंबऱ्याला लागलं आणि तिथूनच मागं फिरलं. सासरे होते तेव्हा, त्यांनी दाराच्या चौकटीवर चाकूनं रेघ मारून ठेवली होती, आणि तेव्हापासून ती रेघ म्हणजे आमच्या घरात शेवटचा शब्द होता. पावसाळ्यात कुणी काही म्हटलं की ह्यांचं उत्तर ठरलेलं, "अगं २००५ ला इथवर आलंतं, ह्याच्या वर कुठं जातंय." पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात, तिथं ३९ फुटाला इशारा पातळी आणि ४३ फुटाला धोका पातळी, हे इथल्या लहान पोरालाही पाठ असतं. पण आम्ही बघत होतो आमची रेघ.

तिसरं कारण म्हणजे आमच्या आई, म्हणजे सासूबाई. वय ८१, जूनमध्ये खुब्याचं ऑपरेशन झालेलं, वॉकर धरून दहा पावलं चालायच्या तेवढंच. त्यांचं माहेर नदीकाठचं आंबेवाडी, त्यामुळं पुराची भीती अशी त्यांना नव्हतीच. लहानपणी गुऱ्हाळातल्या काहिलीत बसून पाण्यातनं बाहेर काढलेलं त्या आम्हाला दरवर्षी सांगायच्या. गूळ आटवायची ती भली मोठी कढई, ती पाण्यावर मस्त तरंगते, तिच्यात बायका-पोरं बसवायची आणि पोहणाऱ्यांनी दोन्हीकडनं ढकलत न्यायची. राजारामपुरीहून वन्सं सारख्या फोन करत होत्या, वैनी आत्ता निघा, रिक्षा मिळतीय तोवर निघा, आणि आई म्हणत होत्या, "पाणी येतंय तसं जातंय. मी इथंच बरी हाय."

५ ऑगस्टला सोमवार होता, नागपंचमी. सकाळी मी पुरणाची दिंडं केली होती. टीव्हीवर दिवसभर काश्मीरच्या ३७० कलमाची बातमी चालू होती, आणि खाली पट्टीत आमच्या पंचगंगेची पातळी. दुपारपासून आम्ही सामान वर न्यायला लागलो आणि खरं सांगायचं तर अडकलो ते ह्या सामानामुळंच. पाणी हळू चढतं म्हणून वाटत राहतं की अजून वेळ आहे, अजून एक खेप होईल. आधी धान्याचे डबे, मग कागदपत्रं, मग गाद्या, मग शिलाई मशीन, मग देव, आणि प्रत्येक खेपेला वाटतं एवढं झालं की निघू. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत तर २ सप्टेंबरच्या गणपतीसाठी अर्धवट रंगवलेल्या मूर्ती होत्या, त्या माणसांनी खालच्या फळीवरनं वरच्या फळीवर ठेवायच्या का पोराबाळांना घेऊन निघून जायचं? वर्षभराची कमाई सोडून कोण निघेल? आमचं तर नुसतं घरसामान होतं तरी पाय निघाला नाही.

रात्री आठच्या सुमारास पाणी रेघेला लागलं. ह्यांनी आणि शेजारच्या दोन पोरांनी आईंना खुर्चीसकट वर आणलं. थोड्या वेळानं रेघ दिसेना, आणि तेव्हा मला पहिल्यांदा पोटात गोळा आला, कारण आता पुढं काय होणार हे घरातल्या कुणालाच माहीत नव्हतं. रस्त्यावर कमरेएवढं पाणी, लाईट बंद केलेली, आईंना उचलून अंधारात न्यायचं कसं? निघायची वेळ दुपारी होती, ती आम्ही डबे उचलण्यात घालवली. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर एवढंच आहे बघा.

आमच्या जिन्याला १७ पायऱ्या आहेत. मुलगा तेव्हा आठवीत होता, तो वरच्या पायरीवर टॉर्च घेऊन बसायचा आणि पाणी नव्या पायरीला लागलं की भिंतीच्या चुन्यावर खिळ्यानं ओरखडा काढून त्यापुढं वार आणि वेळ लिहायचा. एक पायरी चढायला पाण्याला चार-साडेचार तास लागत होते. मंगळवारी रात्री झोप लागली नाही, कारण खालून आवाज यायचा, टक्, मग बराच वेळ काही नाही, मग परत टक्. आधी वाटलं कुणी माणूस आहे. मग कळलं की दिवाण तरंगतोय आणि जिन्याच्या कठड्याला येऊन लागतोय. फ्रिज तर आडवा होऊन पाठीवर पोहत होता. फ्रिज एवढा जड, चार माणसांनी आत आणलेला, तो पाण्यावर असा हलका होतो हे बघून मला खूप वाईट वाटलं, का ते अजून सांगता येत नाही. भरलेला सिलेंडर तेवढा वर आणला होता आणि रिकामा दोरीनं कठड्याला बांधला होता, नाहीतर तोही फिरत बसला असता.

बुधवारी सकाळी ११ वाजता पाणी नवव्या पायरीला लागलं आणि थांबलं. बंधाऱ्यावर पातळी ५५ फूट ७ इंच झाली होती, म्हणजे धोक्याच्या वर साडेबारा फूट. थांबलं म्हणजे उतरलं नाही हो, नुसतं थांबलं. उतरायला चढण्यापेक्षा जास्त दिवस घेतले त्यानं.

त्या दिवसांत काय केलं, कसं काढलं, हेही लोक विचारतात. खायचं कमी पडलं नाही, शेंगाचटणी होती, भडंग होता, ज्वारीचं पीठ होतं. कमी पडलं ते पाणी. चारी बाजूंनी पाणी आणि प्यायला थेंब नाही, कारण उपसा केंद्रंच पाण्याखाली गेल्यावर सगळ्या शहराचे नळ बंद झाले. पत्र्याच्या पन्हळीखाली आम्ही पातेली, बंब, कुकर जे असेल ते लावलं, पहिलं पाणी सोडून द्यायचं, मग पुढचं भरून तुरटी फिरवायची आणि उकळून गाळून घ्यायचं. संडासचं तर बोलायलाच नको. खालची लाईन तुंबली की भांड्यातनं उलटं यायला लागतं, त्यामुळं झाकण असलेली बादली आणि चुलीची राख, सात दिवस, आणि म्हाताऱ्या बाईला हे करायला लावणं ह्याची लाज मला त्यांच्यापेक्षा जास्त वाटत होती. त्यांनीच मला समजावलं. मोबाईल एकच चालू ठेवायचा, सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं. तेवढ्या वेळात धरण फुटल्याचे मेसेज यायचे. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात, पाणी कमी झालं की आपोआप मिटतात, सातच दरवाजे आहेत, एकातनं १४२८ क्युसेक पाणी येतं, हे ह्यांना माहीत होतं म्हणून आम्ही घाबरून वेडेवाकडे काही केलं नाही. पण ज्याला माहीत नव्हतं त्याची रात्र कशी गेली असेल? असले मेसेज पुढं पाठवणाऱ्यांचा मला आजही राग येतो.

बुधवारी दुपारी बोट आली होती. खिडकीपाशी लावली, मुलाला आणि मला चला म्हणाले. पण आईंना त्या खिडकीतनं आडवं काढणं शक्य नव्हतं, खुब्याला धक्का लागला असता, आणि त्यांना सोडून जायचा प्रश्नच नव्हता. बोटीतल्या पोरांनी पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं आणि आईंच्या बीपीच्या गोळ्या दिल्या, रोज एकदा हाक मारून जायचे. अंगावर ओले कपडे, डोळे लाल झालेले, आणि तरी "काकू, काय पाहिजे का?" असं विचारायचे. मी त्यांना विसरणार नाही.

पुढच्या सोमवारी पाणी उंबऱ्याबाहेर गेलं. एक गोष्ट आईंनी सांगितली म्हणून आमचं निम्मं काम वाचलं, ती सगळ्यांना सांगते. पाणी उतरत असतानाच खराटा घेऊन खाली उतरायचं आणि त्याच पाण्यात गाळ ढवळून ढवळून बाहेर ढकलायचा. पाणी गेल्यावर करू म्हणून थांबलात तर तो गाळ सिमेंटसारखा बसतो आणि मग खोऱ्यानं पण निघत नाही.

हा सगळा विषय परत निघाला तो डिसेंबर २०२२ मध्ये. माझा भाचा अमेरिकेत बफेलोला असतो. ख्रिसमसच्या आदल्या दिवसांत तिथं असं हिमवादळ आलं की चार फुटांच्या वर बर्फ पडला, गाड्या चालवायला बंदी, मदतीला निघालेल्या गाड्याच अडकून पडल्या. त्याचा फोन आला, मावशी, तुम्ही सात दिवस कसे काढले होते, आणि दूध संपलंय तर मी गाडी काढून चौकातल्या दुकानापर्यंत जाऊन येऊ का? मी त्याला कधी ओरडत नाही, त्या दिवशी ओरडले. आमच्या पुरात लवकर बाहेर पडणारा वाचतो, पण तुमच्या त्या बर्फात बाहेर पडलेलाच मरतो, हे मला बातम्या बघून कळत होतं, त्या वादळात कितीतरी लोक गाडीतच गेले. मग मी त्याला विचारलं घर गरम करायचं ते यंत्र आहे त्याचा धूर कुठनं जातो. म्हणाला भिंतीतनं पाईप बाहेर काढलाय. मग म्हटलं तो पाईप बर्फात गाडला गेला नाही ना ते आधी बघ. आमच्या मागच्या गल्लीत पुराच्या वेळी एकांनी जनरेटर वरच्या खोलीत लावला होता, पाऊस येतोय म्हणून खिडक्या बंद, आणि थोड्या वेळात घरातल्या सगळ्यांची डोकी गरगरायला लागली, वेळेत कुणाच्या लक्षात आलं म्हणून वाचले. धुरातल्या त्या विषारी वायूला, कार्बन मोनॉक्साईडला, वास नसतो. भाचा दारातनंच फावडं घेऊन पाईपापर्यंत गेला, अर्ध्याच्या वर बुजला होता, मोकळा केला आणि परत आत आला. दुधावाचून चार दिवस काढले त्यानं.

आणि हो, २०२१. हे विचारायला लोक विसरतात. जुलैच्या २२ तारखेला परत तसाच पाऊस लागला आणि ह्या वेळी पाणी २०१९ सारखं हळू नव्हतं, लई भराभर चढलं. पण आमचं ठरलं होतं, आकडा ४३ म्हटला की निघायचं, मग घरात काय राहतंय ते बघायचं नाही. दोन पिशव्या, कागदांची फाईल, आईंच्या गोळ्या. आई म्हणाल्याच, मी न्हाई येत. मुलगा त्यांच्यापुढं उकिडवा बसला आणि म्हणाला, आज्जी, तू आली नाहीस तर मी पण नाही, मग बोट आली तरी आपण चौघं परत तसेच. त्यावर त्यांनी काही न बोलता वॉकर मागितला. रिक्षा मिळत होती तोवर आम्ही राजारामपुरीला वन्संकडं पोचलो. मशीन गेलं, गाद्या गेल्या, नवा फ्रिज गेला. त्या वर्षी पातळी ५६ फूट ३ इंच झाली, २०१९ पेक्षा आठ इंच जास्त.

परत आलो तेव्हा मुलगा आधी जिन्यात गेला. भिंतीवर गाळाची रेघ दहाव्या पायरीला होती. त्यानं खिशातनं खिळा काढला आणि तिथं एक ओरखडा काढला, खालच्या नऊ खुणांसारखाच. फक्त ह्याच्यापुढं वार आणि वेळ नाही, कारण पाणी तिथं आलं तेव्हा बघायला आमच्यातलं कुणी घरात नव्हतं.