वाचनालय गुजरीतच राहू द्या

वर्धा नदीच्या काठी असलेल्या आमच्या गावचे सार्वजनिक वाचनालय बाजारातल्या गुजरी चौकातून हलवून महामार्गाच्या पलीकडे बांधलेल्या बहुउद्देशीय सभागृहात न्यावे आणि रिकाम्या झालेल्या जागेवर व्यापारी गाळे काढावेत, असा ठराव ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत संमत झाला. विषयपत्रिकेवर हा विषय नव्हता. ‘ऐनवेळचे विषय’ या सदराखाली तो घेण्यात आला, आणि गावाला त्याचा पत्ता लागला तो गाळ्यांच्या मोजणीसाठी माणसे टेप घेऊन आली तेव्हा. त्या दिवसापासून आम्ही काही गावकरी या स्थलांतराच्या विरोधात सह्यांची मोहीम चालवीत आहोत. आमचे म्हणणे काय आहे, ते सविस्तर लिहावे, अशी सोबतच्या मंडळींची इच्छा होती, म्हणून हे लिहीत आहे.

ज्यांना नवे सभागृह हवे आहे, त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे आधीच मान्य करतो. जुनी खोली अपुरी आहे. पावसाळ्यात मागच्या भिंतीला ओल येते, खालच्या कप्प्यांतल्या पुस्तकांना वाळवी लागते आणि दिवाळी अंकांचे जुने गठ्ठे ठेवायला जागा उरलेली नाही. नवे सभागृह ऐसपैस आहे, हवेशीर आहे, तिथे गाड्या उभ्या करायलाही मोकळी जागा आहे. मात्र ते गावापासून दीड किलोमीटरवर आहे, मध्ये भरधाव ट्रकांचा महामार्ग आहे आणि तिथवर जाणाऱ्या रस्त्याला ना झाड आहे ना दिवा. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात असतो, तेव्हा त्या रस्त्याने पायी कोण जाणार?

वाचनालयाचा खरा वाचक कोण, याचे उत्तर देवघेव नोंदवहीत आहे. ग्रंथपालांच्या परवानगीने आम्ही ती चाळली. आठवडी बाजाराच्या दिवसाची पाने भरगच्च आहेत आणि त्यांतील बहुतेक नावे बायकांची आहेत. बाजाराच्या दिवशी दुपारनंतर तिथे थोडा वेळ बसलेल्या कोणालाही याचे नवल वाटणार नाही. भाजीची पिशवी टेबलाखाली सरकवायची, सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी वर ठेवायची म्हणजे चुरगळत नाही, पदराने हात पुसायचे, मागच्या आठवड्याचे पुस्तक परत करायचे आणि कपाटासमोर उभे राहून चार पुस्तके उघडून पाहायची, असा त्यांचा क्रम ठरलेला आहे. शेजारच्या गावांतून आलेल्या बायकाही एसटीची वेळ होईपर्यंत मासिक वाचत बाकावर बसतात. सह्या घेत फिरताना मजुरीला जाणाऱ्या एक बाई मला म्हणाल्या, “बाजार करता करता पुस्तक बदलून येतो भाऊ, पण हायवेच्या पल्याड मले कोन जाऊ देते?” ठराव करणाऱ्यांनी हा प्रश्न कोणालाही विचारलेला नाही.

घरून ‘वाचनालयात जाऊन येते’ असे सांगून निघण्याची मोकळीक आमच्याकडे आजही सगळ्या मुलींना आणि सुनांना नाही. बाजाराला, दवाखान्याला, पिठाच्या गिरणीला जाता येते आणि वाटेत वाचनालय असते, म्हणून पुस्तक घरी येते. वाचनालय वाटेवरून काढून घेतले, की ते दुचाकी असलेल्यांचे होईल. दुचाकी घरातल्या पुरुषाची असते, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत तीही दिवसभर शेतात असते.

सकाळी येणारी म्हातारी मंडळीही याच हिशेबातली आहेत. पारावरून उठायचे, काठी टेकीत वाचनालयात यायचे आणि एका वर्तमानपत्राची पाने सुटी करून चौघांनी वाचायची; कापसाचा आणि सोयाबीनचा भाव ज्याच्या पानावर असेल, त्याने तो मोठ्याने सांगायचा. त्यांतील दोघांना वाचता येत नाही, तरी ते रोज येतात.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली मांडलेल्या पंचसूत्रीतील पहिले सूत्र ‘ग्रंथ उपयोगासाठी आहेत’ असे आहे, आणि त्याचे विवेचन करताना त्यांनी ग्रंथालय कुठे असावे याचाही विचार केला आहे, कारण माणसांच्या रोजच्या येण्याजाण्यापासून दूर ठेवलेला ग्रंथ उपयोगात येत नाही. वाचकाचा वेळ वाचवा, हे चौथे सूत्र आहे. आमच्या ग्रामपंचायत सदस्यांनी ही दोन सूत्रे जरी विचारात घेतली असती, तरी गाळ्यांच्या भाड्याचा हिशेब करताना हात आखडला असता, असे मला मनापासून वाटते.

आता पैशाचा मुद्दा, कारण ठरावाचे खरे कारण तोच आहे. गाळ्यांतून ग्रामपंचायतीला उत्पन्न मिळेल, हे खरे. परंतु आमचे वाचनालय शासनमान्य ‘क’ वर्गाचे आहे. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमानुसार त्याला मान्यता आहे आणि त्याचे अनुदान वर्गानुसार ठरते. वर्ग ठरतो तो ग्रंथसंख्या, वर्गणीदार सभासद, वृत्तपत्रे आणि नियतकालिके यांवरून. सभासद गळाले, की तपासणीत त्रुटी निघते. त्रुटी राहिली, की वर्ग खाली येतो आणि अनुदान आटते. महाराष्ट्राच्या कायद्यात ग्रंथालय उपकराची तरतूद नसल्यामुळे गावातल्या वाचनालयाला या अनुदानाखेरीज आधार म्हणावा असा दुसरा स्रोत नाही. त्यातली निम्मी रक्कम वेतनावर जाते आणि तरीही ग्रंथपालांच्या हाती जे पडते, त्यावर एखाद्या कुटुंबाचा महिना निघत नाही. ही माणसे वर्षानुवर्षे केवळ जिव्हाळ्याने टिकून आहेत. अनुदानाचा हप्ता लांबला, तर वर्तमानपत्राचे बिल पदरमोड करून भरतात. अशा संस्थेचे सभासद आपल्या हाताने तोडणे हा मोठा अन्याय आहे.

हा विषय सगळ्या मतदारांच्या ग्रामसभेपुढे नेता येतो, ही कायद्याची बाजू गावात फारशी कोणाला ठाऊक नव्हती. ग्रामपंचायत अधिनियमानुसार आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरेशी असते. एवढी माणसे तर आमच्याकडे भजनाला जमतात! वाचनालय चालवणारी संस्था धर्मादाय कार्यालयात नोंदलेली असल्यामुळे तिच्या कार्यकारिणीनेही स्वतःचा निर्णय घ्यायचा आहे. खोली ग्रामपंचायतीची असली, तरी पुस्तके, कपाटे आणि नोंदवह्या संस्थेच्या आहेत. कार्यकारिणीतील काही ज्येष्ठ मंडळी सरपंचांशी वाकडेपणा नको म्हणून गप्प आहेत. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, आणि म्हणूनच त्यांनी बोलावे, अशी विनंती मी त्यांच्या घरी जाऊन केली आहे.

आमची मागणी अवाजवी नाही. देवघेव विभाग, बालविभाग आणि वर्तमानपत्रांचा कक्ष गुजरीतल्या जागेतच राहावा आणि तिची दुरुस्ती व्हावी. इमारतीसाठी 1972 साली स्थापन झालेल्या, कोलकाता येथील राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजना आहेत. त्यासाठी प्रस्ताव तयार करण्याचे काम गावातील दोन निवृत्त शिक्षकांनी अंगावर घेतले आहे. नव्या सभागृहात पोलीस भरतीची आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांसाठी अभ्यासिका सुरू करावी. त्या मुलांना शांतता हवी आहे, त्यांच्याकडे सायकली आहेत आणि त्यांनीच हा पर्याय सुचवला आहे. गाळेच बांधायचे असतील, तर बसथांब्याजवळ ग्रामपंचायतीची पडीक जागा आहे.

सह्यांचे कागद आणि निवेदन आम्ही सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि जिल्हा ग्रंथालय अधिकारी यांना देऊन पोच घेतली आहे. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय क्रमांकासह घ्यावा, असे पत्रही दिले आहे. त्याआधीच्या महिला सभेला बाजारातल्या, बचत गटातल्या सगळ्याजणी जाणार आहेत; निवेदन तिथे वाचण्याची जबाबदारी त्यांनीच घेतली आहे. नागपूर-पुण्याला राहणाऱ्या, पण या वाचनालयाची पुस्तके वाचून मोठ्या झालेल्या गावकऱ्यांनी आपले मत सहीनिशी लिहून घरच्यांकडे पाठवावे. ज्यांचे नाव अजून गावाच्या मतदार यादीत आहे, त्यांनी शक्य असल्यास त्या दिवशी गावी यावे, कारण ग्रामसभेत हात वर करण्याचा अधिकार त्यांनाच आहे.