जर्मनीतून घरचं कर्ज फेडताना आधी काय वजा करायचं

मुलगा जर्मनीला लागला की घरचं कर्ज दोन वर्षांत निल, असा हिशेब आपल्याकडे सर्रास मांडला जातो. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून तर जास्तच. त्या हिशेबात पगार असतो, भाडं असतं, जेवणखाण असतं. वर्षातून एकदाच येणारे खर्च मात्र नसतात, आणि हप्ता तिथेच चुकतो.

वर्षाला ५०,००० युरो पगार धरा. युरोला शंभर रुपये या सोप्या भावाने ते पन्नास लाख दिसतात. एकट्या माणसाच्या कर वर्ग १ मध्ये आयकर, आरोग्यविमा, पेन्शन आणि बेरोजगारी विमा कापून हातात महिन्याला साधारण २,६५० युरो येतात. बायको भारतातच असेल तर लग्न झालेल्यालाही हाच वर्ग लागतो. ती इथे येऊन पत्त्याची नोंदणी झाली की मग बदल मिळतो. गरम पाण्या-हीटिंगसह भाडं १,०००, जेवण ३००, देशभर चालणारा रेल्वे-बस पास ६३ (जानेवारी २०२६ पासूनचा दर), फोन-इंटरनेट ४५, वीज ७०, रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी आणि दायित्व विमा (आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा) मिळून २५. बेरीज १,५०३. उरले ११४७, आणि लोक नेमके अकराशेच घरी पाठवायचं कबूल करून बसतात.

आता वर्षाचे अवांतर खर्च पाहा. घराच्या सामायिक खर्चाची थकबाकी ४००, विजेच्या वार्षिक बिलातला फरक १५०, दात किंवा चष्मा ३००, अचानक भारतात जावं लागलं तर तिकीट ९००, व्हिसा आणि कागदपत्रं १००, वॉशिंग मशीनसारखी एखादी वस्तू बंद पडली तर ३५०. हे २,२०० युरो झाले, म्हणजे महिन्याला १८३. रकमा घर आणि शहर पाहून बदलतील, पण यातला एकही खर्च खरं तर अनपेक्षित नाही. घरी ७५० चा हप्ता कबूल करावा, १८३ वेगळ्या खात्यात टाकावेत आणि उरलेले दोनेकशे साठवून जानेवारीत मुद्दलात भरावेत. जानेवारी का, ते पुढे येतं.

सगळ्यात मोठा धक्का नेबेनकोस्टेनचा, म्हणजे घराच्या सामायिक खर्चाचा. भाड्यातला हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई यांचा भाग ही फक्त उचल असते. खरा हिशेब वर्ष संपल्यावर होतो. मालकाला त्यासाठी पुढचे बारा महिने मिळतात, त्यामुळे २०२५ चा हिशेब ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत कधीही येऊ शकतो, आणि बरेच मालक डिसेंबरच गाठतात. म्हणूनच मुद्दल भरायला जानेवारीपर्यंत थांबायचं. मुदत चुकवली तर, उशिराला मालक जबाबदार नसल्याचा अपवाद सोडून, त्याला फरक मागता येत नाही. पत्र आलं की लगेच पैसे पाठवू नका. आधी तीन गोष्टी बघा: तुम्ही वर्षात भरलेली उचल पूर्ण धरली आहे का, घराचं क्षेत्रफळ करारातलंच आहे का, आणि घराच्या दुरुस्तीचा किंवा व्यवस्थापनाचा खर्च आत घुसवला आहे का. हे दोन्ही खर्च भाडेकरूवर टाकता येत नाहीत. सामायिक केबल टीव्हीचा आकारही १ जुलै २०२४ पासून टाकता येत नाही. मूळ बिलं पाहण्याचा हक्क आहे, हरकत घ्यायला बारा महिने आहेत. रक्कम बरोबर निघाली तर हप्ते मागा, बरेच मालक देतात. या पत्रासोबत पुढची मासिक उचलही वाढते, हे घरच्यांनी लक्षात ठेवावं. मुलाने जानेवारीपासून चार हजार कमी पाठवले तर त्यामागे बहुतेक हेच असतं.

हीटिंगच्या खर्चाचा सामान्यतः ५० ते ७० टक्के भाग वापरावर आणि उरलेला क्षेत्रफळावर वाटला जातो. म्हणून थंडीत रेडिएटर पूर्ण बंद ठेवूनही बिल शून्य होत नाही. उलट भिंतीला बुरशी धरते आणि घर सोडताना वाद होतो.

विजेचं वेगळं. बाथरूममध्ये भिंतीवर डुर्खलाउफएरहिट्झर आहे का, हे घर बघतानाच विचारा. पाणी वाहता वाहता तापवणारं हे यंत्र १८ ते २७ किलोवॅटचं असतं. वीस किलोवॅटने दहा मिनिटं चाललं तर सव्वातीन युनिट, म्हणजे साधारण एक युरोची अंघोळ. अशा घराचं वार्ममीटे, म्हणजे हीटिंगसह भाडं, कमी दिसतं, कारण गरम पाणी तुमच्या विजेच्या बिलात गेलेलं असतं. किल्ल्या घेताना मीटरचा फोटो काढा आणि आकडा ताब्याच्या कागदावर लिहून घ्या. नाहीतर आधीच्या भाडेकरूचे युनिट तुमच्या माथी.

घर बदलण्याच्या वर्षी मोठं मुद्दल भरायचं ठरवूच नका. अनामत म्हणजे काउत्सिओन, मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत. ती तीन समान मासिक हप्त्यांत द्यायचा कायदेशीर हक्क आहे, तरी मालक एकरकमी मागतात. जुन्या घराची अनामत मात्र काही महिन्यांनी परत येते, आणि नेबेनकोस्टेनसाठी थोडी अडकूनही राहते. नोटीस तीन महिन्यांची, म्हणून एखादा महिना दोन भाडी. त्यात घर रिकामं, म्हणजे बऱ्याचदा शेगडी आणि सिंकसुद्धा नाही. इलेक्ट्रिक शेगडीची जोडणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यायची.

टीव्ही नसला तरी रुंडफुंकबायट्राग, म्हणजे ती रेडिओ-टीव्हीची वर्गणी, घरटी महिना १८.३६ युरो लागतोच. पत्र कचऱ्यात टाकलं तर मागची बाकी दंडासह येते. एका घरात एकानेच भरायचा, म्हणून मित्रांबरोबर राहत असाल तर भरणाऱ्याचा वर्गणी क्रमांक कळवा. दायित्व विम्यात भाड्याच्या घराची किल्ली हरवण्याचं कलम आहे का, तेही बघा. इमारतीची सगळी कुलपं एकाच किल्लीसंचाची असली तर ती बदलण्याचा खर्च हजारांत जातो.

हे सगळं अंगावर आलं की माणूस बँकेच्या डिस्पोवर, म्हणजे ओव्हरड्राफ्टवर जातो. त्याचं व्याज बहुतेक ठिकाणी दहा टक्क्यांच्या वर. गावचा साडेदहा टक्क्यांचा हप्ता भरायला इथे त्याहून महाग पैसा उचलण्यात काही अर्थ नाही.

आता गावाकडची बाजू. कर्ज एकच नसतं, आणि सगळ्यांत सारखे पैसे वाटणं ही चुकीची पद्धत. परवाना नसलेल्या सावकाराचं पहिलं, त्यानंतर पतसंस्थेचं. पतसंस्थेत व्याज चढं असतं आणि जामीनदार बहुधा मामा किंवा चुलते असतात. थकलं तर सहकार कायद्याच्या कलम १०१ च्या वसुलीचा ताप त्यांनाही होतो. नंतर सोनं. सोनेतारणात बऱ्याचदा मुद्दल-व्याज वर्षाअखेर एकदम असतं, म्हणून "हप्ताच नाही" या समाधानात लिलावाची नोटीस येते. तारण आईच्या नावावर असेल तर सोडवायला साधारणपणे तिलाच जावं लागतं.

सोसायटीचं पीककर्ज मात्र घाईने फेडण्यात फायदा नाही. तीन लाखांपर्यंतचं मुदतीत भरलं तर केंद्राची सवलत आणि पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून शेतकऱ्याला व्याज शून्यावर येतं. तारीख चुकली तर सवलत जाते. म्हणून मार्चआधी ती रक्कम भारतातल्या खात्यात तयार हवी आणि नवं-जुनं, म्हणजे जुनं फेडून नवं उचलणं, वेळेत व्हायला हवं.

शैक्षणिक कर्ज शेवटी. तीस लाख, साडेदहा टक्के, दहा वर्षं म्हणजे हप्ता साधारण ४०,५०० रुपये. तो थेट एनआरई खात्यातून (परदेशातल्या कमाईसाठी अनिवासी भारतीयांचं भारतातलं खातं) कापला जाऊ द्या आणि खात्यात एक हप्ता कायम जादा ठेवा. दोन्हीकडच्या सुट्ट्या एकत्र आल्या की पैसे उशिरा पोचतात आणि हप्ता बाउन्स होतो. जास्तीचे पैसे भरताना मुदत कमी करायची की हप्ता, हे बँकेला लेखी सांगा.

आईवडिलांच्या खर्चाला दिलेले पैसे जर्मन करविवरणात दाखवता येतात, पण त्यांच्या उत्पन्न-मालमत्तेच्या अटी आहेत, आणि २०२५ पासून त्यांच्याच बँक खात्यात केलेली ट्रान्सफर लागते. कर्जखात्यात भरलेला हप्ता त्यात बसत नाही. त्यामुळे घरखर्च आणि हप्ता या दोन वेगळ्या ट्रान्सफर ठेवा. नोकरीसाठी स्थलांतर केल्याचा खर्च पहिल्या वर्षाच्या विवरणात घाला. विवरण सक्तीचं नसेल तर ते चार वर्षांपर्यंत मागे जाऊन भरता येतं.

कर्ज फिटल्यावर कागद विसरू नका. बँकेने गहाण कागदपत्रं ३० दिवसांत परत द्यायची आहेत; तिच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. पतसंस्थेतून निल दाखला घ्या आणि कर्जापोटी कापलेली शेअर्सची रक्कम परत मागा. जमिनीवर कर्ज होतं तर तो दाखला तलाठ्याकडे देऊन बोजा कमी करण्याचा फेरफार वडिलांनी करून घ्यावा. फेरफार मंजूर झाला की नवा सातबारा काढून "इतर हक्क" या रकान्यातून बँकेचं नाव गेलंय का, ते बघा.