तुम्ही विचारलंत म्हणून: मला रंजनाच का आवडते

आवडती नटी कोण, असं कुणी विचारलं की मी रंजनाचं नाव घेते. रंजना देशमुख. समोरच्याची नजर लगेच माझ्या व्हीलचेअरकडे जाते, आवाज मऊ होतो आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "तिचंही असंच झालं होतं ना, म्हणून का?" सिडकोतल्या शेजारणी, भाचेसुना, व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी, सगळ्यांचं हेच. तोंडी सांगून दमले, म्हणून आज लिहिते आहे.

नाही, म्हणून नाही.

'अरे संसार संसार' आला १९८१ मध्ये. तेव्हा मी धडधाकट होते आणि सिनेमा म्हटलं की मैत्रिणींबरोबर पहिली पळायची. 'चानी' आणि 'सुशीला' त्याच्या आधीच पाहून झाले होते. चानीतली ती गावानं झिडकारलेली पोर आणि सुशीलातली शिक्षिका, जिच्या आयुष्याची पार माती होते, या दोघी एकाच बाईनं केल्यात हे कुणी सांगितलं नसतं तर मी मानलं नसतं. संध्याची भाची आणि वत्सला देशमुखांची मुलगी होती, दोघीही सिनेमातल्या नट्या, म्हणून तिला कामं मिळाली, असं म्हणणारेही भेटतात. पहिलं काम मिळालं असेल तसं. पुढची कामं लोकांनी तिकिटं काढून दिली तिला.

आणि विनोद! 'गुपचूप गुपचूप', 'बिनकामाचा नवरा'. त्या काळात विनोदी सिनेमात नायिकेनं करायचं काय, तर रुसायचं, गाणं म्हणायचं आणि नायकाच्या कोट्या होईपर्यंत शोभेला उभं राहायचं. रंजना उभी राहायची नाही. अशोक सराफांसारखा माणूस समोर असताना ती त्यांचं वाक्य झेलायची आणि दुप्पट जोरानं परत करायची. थिएटरात हशा दोनदा यायचा, एकदा त्यांना आणि एकदा तिला. मला ती आवडायला लागली ती इथं. यात कुठं आली खुर्ची?

१९८७ मध्ये बंगळूरकडे शूटिंगला जाताना तिच्या गाडीला अपघात झाला आणि तीही खुर्चीला खिळली. पेपरात वाचून रडले, जशी सगळी रडली तशीच. माझा अपघात त्यानंतर काही वर्षांनी, सातपूरहून कामावरून घरी येताना.

आता जे सांगणार आहे ते मी सहसा सांगत नाही. घरी आणल्यावरची पहिली संक्रांत. मला कुठं जाता येत नाही म्हणून बहिणीनं हळदीकुंकू घरीच ठेवलं. बायका आल्या, वाण घेतलं, तिळगूळ झाला. मी खिडकीशी बसलेली. नात्यातल्या एक काकू माझ्या हातावर तिळगूळ ठेवत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तुझी ती रंजना बघ. खुर्चीत बसून नाटकात काम केलं तिनं. आणि तू पांघरूण ओढून रडत बसतेस." रंजना तेव्हा हयात होती. काकूंचा हेतू वाईट नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण आजवर जी माझ्या आनंदाची होती तिला त्यांनी एका वाक्यात माझ्यापुढं छडीसारखी धरली. तिळगूळ माझ्या मुठीत तसाच चिकट होऊन राहिला. मी एक अक्षर बोलले नाही.

त्यानंतर एका दुपारी टीव्हीवर 'अरे संसार संसार' लागला. काळ्या मातीतलं ते तिफणीचं गाणं आलं, ती शेतात चालताना दिसली, पाय रोवून, झपाझप, आणि मी ओरडले, "बंद कर तो!" बहीण म्हणाली, "का? तुझाच तर आवडता." "मला तिचे पाय बघवत नाहीत," असं मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं. बहीण टीव्हीसमोर उभी राहिली, धड बंद करेना, धड बाजूला होईना. आमचं कडाक्याचं भांडण झालं. मग कितीतरी महिने रंजनाचा सिनेमा लागला की मी तोंड भिंतीकडे करायची.

पुढं बघायला लागले, पण नजर चुकवून. पाय दिसतील तिथं डोळे वर, चेहऱ्यावर. आणि तिथं मला जे दिसलं ते धडधाकट असताना कधी दिसलं नव्हतं. समोरचा बोलत असताना ती ऐकते कशी, ते. बहुतेक नटनट्या आपल्या वाक्याची वाट बघत थांबलेल्या असतात. हिच्या भुवया समोरच्याच्या शब्दागणिक हलतात, ओठ उघडायला येतो आणि ती तो मिटून घेते, क्षणभर थांबते आणि मग वाक्य टाकते. हशा त्या थांबण्यात आहे. आधी मी नुसती तिची चाल आणि पदराचा झटका बघून शिट्ट्या वाजवणाऱ्यांतली होते.

म्हणजे विचारणारे थोडे बरोबर आहेत का? असतीलही. खुर्चीमुळं ती मला आवडली नाही, पण खुर्चीत बसल्यावर जास्त कळली, हे मला नाकारता येत नाही. विशीतली मी असते तर भांडली असती, म्हणाली असती की कलेचा आणि दुखण्याचा संबंध लावूच नका. त्या विशीतल्या पोरीचं म्हणणं मला आजही पटतं. तरीही डोळे चेहऱ्यावर गेले ते दुखण्यामुळंच गेले. यातलं काय खरं धरायचं, ते मला ठरवता आलेलं नाही.

रंजना २००० मध्ये गेली. तेव्हाच्या बऱ्याच लेखांत सुरुवात अपघातानं होती आणि सिनेमांची नावं शेवटी एका ओळीत. मला राग येतो तो याचा. तेव्हा यापुढं मला रंजनाबद्दल विचारायचं असेल तर आधी 'बिनकामाचा नवरा' लावा, ती गप्प असते तेव्हा काय करते ते बघा, आणि मग या. चहा मी करते.