आत्या नाही मारणार उडी

कालपासून ते हसू डोक्यातून जात नाहीये. तसं झालं काहीच नाही. कोणाला सांगायला गेलं तर सांगण्यासारखंही नाही, म्हणून इथे लिहितेय.

गोव्यात दोनापावलाला त्या वरच्या टेकाडावर, कठड्यापाशी सगळे उभे होतो. भर दुपारी. हे अर्थात दादाचं नियोजन. सकाळी मंगेशी, दुपारी दोनापावला, ऊन उतरायच्या आत मिरामार. माणसं आहोत की टपालाच्या पिशव्या, कळत नव्हतं. रेवाने मोबाइलवर वाचून सगळ्यांना गोष्ट सांगितली. पोर्तुगीज व्हाइसरॉयची मुलगी दोना पावला, गास्पार दियश नावाच्या कोळ्यावर तिचा जीव जडला, बापाने नाही म्हटलं, आणि तिने ह्याच कड्यावरून खाली उडी टाकली. अंगावर फक्त मोत्यांचा हार. चांदण्या रात्री ती अजून समुद्रातून वर येते म्हणे, तोच हार घालून. एवढं सांगून रेवाने खाली वाकून बघितलं आणि सहज विचारलं, "आत्या, तू मारली असतीस उडी?"

मी तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाली, "आत्या? अगं, ती जिना उतरताना कठडा सोडत नाही."

सगळे हसले. मीही हसले. माझा हात तेव्हा कठड्यावरच होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं. त्यांच्या आधीच आलं असणार.

बस, एवढंच. मग फोटो निघाले, पोरांनी बर्फाचा गोळा मागितला, भावोजी नेहमीप्रमाणे गाडीची किल्ली शोधत बसले. मी मात्र तिथेच अडकले. वहिनीचा राग आला का? नाही. तिच्या जिभेला हाड नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि ती वाईट नाही हेही. ती खोटंही बोलली नाही. मी कठडा धरूनच उतरते. गुडघ्यांमुळे नव्हे, गुडघे चांगले होते तेव्हाही धरायचे.

मग लागलं काय? मला वाटतं, त्यांची खात्री. प्रश्न विचारला गेला आणि उत्तर आलं, ह्या दोन्हींच्या मध्ये कोणालाही क्षणभर थांबावंसं वाटलं नाही. कोणी माझ्याकडे बघून 'हिचं काय सांगावं' असं म्हणालं नाही. मला काही उडी मारायची नाहीये, आणि मारणारीचं कौतुकही नाही. पण मारली नसती हे इतकं ठरलेलं असावं?

आमच्या घरात एक वाक्य आहे, "आत्याकडे असेल." सेफ्टी पिन, आत्याकडे असेल. गाडी लागल्यावरची गोळी, आवळासुपारी, जास्तीची प्लास्टिकची पिशवी, सगळ्यांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स, आत्याकडे असेल. आणि असतंच. काल मंगेशीला रेवाच्या चपलेचा अंगठा तुटला तेव्हा माझ्या पर्समधून सुई-दोरा निघाला. तेव्हाही सगळे हसले होते, पण ते हसणं मला आवडलं होतं. खरं तर दोन्ही हसणी एकच होती. मग एक आवडलं आणि दुसरं टोचलं, हे कसं?

पर्स उघडली की सगळ्यांना माझ्या आत काय आहे ते दिसतं, असा त्यांचा समज झालाय बहुतेक. तळाशी काय असतं ते कोणी बघत नाही. एका वर्षी, कॉलेज संपता संपता, मीही... जाऊ दे. दादाला आठवत असेल तर असेल. पत्र त्यानेच पेटीत टाकलं होतं, किंवा टाकलं नव्हतं. आज तो विषय नको. आणि हे ह्या वेळी का आले नाहीत, तोही नको.

कठड्यावरून समुद्र मात्र बघत राहावा असा होता. समोर झुआरी नदीचं रुंद मुख, पलीकडे मुरगावचं बंदर, नांगर टाकून उभी असलेली मोठी जहाजं. इतकी स्थिर की चित्रात काढून कोणी विसरून गेल्यासारखी. मांडवी त्या बाजूने, झुआरी ह्या बाजूने, आणि मध्ये समुद्रात घुसलेलं हे जमिनीचं नाक. खाली जांभ्याचे काळे पडलेले खडक होते. एका खडकाच्या भोकांभोकांत पाणी अडकलेलं, लाट आली की सगळी भोकं एकदम भरायची आणि लाट गेली की प्रत्येक भोक आपापल्या वेळेने रिकामं व्हायचं. मी ते बराच वेळ बघितलं. वहिनीला वाटलं मला चक्कर येतेय. तिने पाण्याची बाटली पुढे केली. माझीच.

खाली जेटीकडे टोप्या विकणारा बसला होता. मी एक घेतली तर त्याने माझ्याकडे नीट बघितलं, ती परत घेतली आणि इलॅस्टिक लावलेली दुसरी दिली. हनुवटीखाली कशी अडकवायची तेही स्वतःच्या गळ्यावर करून दाखवलं. रेवाला मात्र बिनइलॅस्टिकची. अनोळखी माणसालासुद्धा कळतं! त्या क्षणी खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्याचं म्हणून खपवलं. रात्री रूमवर आल्यावर उशीत तोंड घालून थोडं रडूनही घेतलं. कशासाठी, टोपीसाठी? ह्या वयात? (रेवाची टोपी मिरामारला उडाली आणि वाळूवरून पार पाण्यापर्यंत गेली, हे इथे नोंदवून ठेवते.)

तर आता टॅक्सीवाल्याचं. भावोजींना अखेर किल्ली सापडली, पण गाडीत सगळे मावत नव्हते, म्हणून मी, ताई आणि पोरं टॅक्सीने निघालो. चालक वयस्कर, राजभवन आहे त्या काबोच्या बाजूचाच असावा, रस्त्यातलं प्रत्येक वळण ओळखीचं असल्यासारखा चालवत होता. ताईने त्याला विचारलं, ती वरची पांढरी मूर्ती म्हणजे दोना पावला आणि तो कोळीच ना? तो हसला आणि म्हणाला, "तशें कांय ना, बाय. लग्न जाल्लें तिचें." मग मराठीत म्हणाला की तिचं थडगं राजभवनातल्या चॅपलमध्ये आहे, मोठी बाई होती, गावासाठी खूप केलं तिने. उडीबिडी काही नाही. हे त्याने इतक्या शांतपणे सांगितलं, जणू बसचा थांबा पुढे सरकलाय एवढंच सांगतोय.

माझी पहिली प्रतिक्रिया काय झाली असेल? मी नाराज झाले. म्हणजे दुपारभर तिच्यावर मनातल्या मनात जळले, ती कशी धीट आणि मी कशी कठडेवाली, आणि आता कळतंय की बाईने उडी मारलीच नाही, तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट मला वाटलं, अगं, निदान तू तरी मारायचीस!

रात्री रडून झाल्यावर झोप येईना. मोबाइल घेऊन बसले. तर निघालं ते असं. दोना पावला खरोखर होऊन गेली. घराणं श्रीलंकेतल्या जाफन्याहून गोव्यात आलेलं. इथे तिचं लग्न झालं, आडनाव सोतो मायोर. वारली १६८२ साली. थडग्याची शिळा आजही काबोच्या चॅपलमध्ये आहे. गावकऱ्यांसाठी झिजली, म्हणून तिच्यामागे गावाला तिचं नाव पडलं असं सांगतात. आधी गावाचं नाव वेगळंच होतं.

आणि तो गास्पार दियश! तो कोळी नव्हताच, चांगला जमीनदार होता. मिरामारच्या बाजूला त्याची जागा होती, तिथे सोळाव्या शतकाच्या अखेरीला पोर्तुगीजांनी किल्ला बांधला आणि त्यालाच त्याचं नाव मिळालं. म्हणजे वयाचं गणितच बसत नाही. ती जन्मायच्या आधीच ह्याच्या नावाचा किल्ला उभा. भेटायचे तर कुठल्या चांदण्यात भेटणार होते? लोकांनी दोन गावांची दोन नावं घेतली आणि त्यांची सोयरीक जमवून टाकली. आमच्या काकूही अशाच जमवायच्या, पत्रिका न बघता.

मूर्तीचंही तेच. तीही त्या दोघांची नाहीच. १९६९ मध्ये इर्सा फॉन लाइस्टनर ह्या जर्मन शिल्पकार बाईंनी केलेली, नाव 'इमेज ऑफ इंडिया'. एकाची नजर पूर्वेला, दुसरीची पश्चिमेला. मला आधीच शंका यायला हवी होती. दोघं एका दिशेलाही बघत नाहीत, हे कसले प्रेमात बुडालेले? हे तर सरळ संसारात मुरलेलं जोडपं. मी एकटीच मोठ्याने हसले, आणि ताई झोपेत म्हणाली, "काय गं?" काही नाही म्हटलं.

त्याच टेकाडाच्या अंगाला समुद्रविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे, १९६६ मध्ये स्थापन झालेली. तिथे शास्त्रज्ञ प्रवाह मोजतायत, पाण्याचा खारटपणा मोजतायत, आणि खाली आम्ही हार घातलेल्या बाईची वाट बघत फोटो काढतोय. दोन्ही चालू राहणार. मला त्यात काही वाईट वाटत नाही. गोष्ट चांगलीच आहे, मोत्यांचा हार तर फारच. आणखी एका गोष्टीत म्हणे गव्हर्नरच्या बायकोने मत्सरापायी तिला कड्यावरून ढकललं. तिथेही हार आहेच. बाकी सगळं बदलतं, हार कोणी काढत नाही.

मला आता त्या खऱ्या बाईबद्दल विचार येतात. परदेशातून इथे आली, उन्हात राहिली, नवऱ्याचं घर सांभाळलं, गावातल्या कोणाचं दुखलं-खुपलं पाहिलं. तिच्या घरी पोर्तुगीजमध्ये 'दोना पावलाकडे असेल' असं काहीतरी नक्की म्हणत असणार. बाजारातून, चॅपलमधून, पायऱ्यांवरून झगा सावरत उतरत असणार, कशाला तरी धरून. आणि ती गेल्यावर लोकांना बहुधा हे सगळं फार सपक वाटलं, म्हणून त्यांनी तिला कड्यावरून खाली टाकलं.

म्हणजे गावाने नाव दिलं ते उडी न मारणारीचं, आणि गोष्ट सांगतात ती उडी मारणारीची. आता ह्यातलं मला काय हवंय? दुपारी विचारलं असतंत तर गोष्ट म्हणाले असते. आत्ता विचाराल तर माहीत नाही. गाव मिळणार नाहीच म्हणा. फार तर एखादी सोसायटीची कचराकुंडी, तीही मीच अर्ज करकरून आणलेली. तिच्यावर माझं नाव टाकतील का, बघूया.

पण वहिनीचं वाक्य अजून टोचतंय. थोडं कमी. खोटं बोलत नाही, टोचतंय.

आज सकाळी 'गोवा गँग' ग्रुपवर तिने कालचा फोटो टाकला. वर मूर्ती, खाली मी, टोपीचं इलॅस्टिक हनुवटीत रुतलेलं. खाली लिहिलंय, 'आत्या नाही मारणार उडी', आणि हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. मी सगळं लिहून काढलं: १६८२, चॅपल, जमीनदार, किल्ला, जर्मन बाई, एकही मुद्दा सोडला नाही, आणि शेवटी 'दोना पावलानेही मारली नव्हती' असं लिहून पाठवून दिलं. दादाचा अंगठा लगेच आला. तो न वाचता देतो. भावोजींनी हात जोडले. वहिनीने काहीच नाही. अर्ध्या तासाने रेवाचं उत्तर आलं, "आत्या, काय गं, एवढ्या मस्त गोष्टीची वाट लावलीस."

लावली. आणि फार बरं वाटलं.