घरगुती भूकंपमापक, प्रगतीची नोंद: हार्ड डिस्कची कंपने, घड्याळ आणि त्सुनामीचा प्रश्न

भूकंप टिपण्यासाठी लॅपटॉपमधल्या अंगभूत संवेदकावर विसंबणे मी आता पूर्णपणे थांबवले आहे. लॅपटॉप हातातून निसटताच हार्ड डिस्कचे शीर्ष सुरक्षित जागी हलावे, यासाठी आयबीएमने 2003 साली थिंकपॅड लॅपटॉपमध्ये त्वरणमापक (वेगातला बदल मोजणारा संवेदक) बसवला. अशाच संवेदकांच्या आधारे 2008 साली एलिझाबेथ कॉक्रन आणि जेसी लॉरेन्स यांनी ‘क्वेक-कॅचर नेटवर्क’ हे भूकंप टिपणाऱ्या संगणकांचे जाळे उभे केले. एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, आल्यावर मात्र त्या संवेदकाचे प्रयोजनच संपले. म्हणून एमपीयू-6050 ही त्वरणमापक चिप मी काँक्रीटच्या जमिनीला स्क्रूने घट्ट बसवली असून, आर्डुइनो या छोट्या नियंत्रक-बोर्डामार्फत तिची मोजमापे शेजारच्या जुन्या डेस्कटॉपवर नोंदवली जातात.

या टप्प्यातला सर्वांत उद्बोधक भाग म्हणजे वारंवारतेच्या आलेखात 10 हर्ट्झवर (सेकंदाला 10 कंपने) सतत दिसणारी एक बारीक, सरळ रेघ. डेस्कटॉपची डिस्क झोपवली की ती नाहीशी होई आणि डिस्क जागी झाली की परत येई. डिस्क मिनिटाला 5400 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 90. पण मी सेकंदाला 100 नमुने घेत असल्यामुळे 50 हर्ट्झच्या वरची कंपने खरी दिसत नाहीत, तर दुमडून खाली येतात, आणि 90 चे नेमके 10 होतात. जवळच्या लहान भूकंपांची ऊर्जा याच पट्ट्यात असते, त्यामुळे ही रेघ निरुपद्रवी नाही. अल्पकालीन सरासरीला दीर्घकालीन सरासरीने भागून आपण ट्रिगर, म्हणजे हादरा आल्याचा इशारा कधी द्यायचा ते, ठरवतो. सततच्या कंपनाने छेद फुगला की लहान हादरा उंबरठा ओलांडतच नाही. आता सेकंदाला 500 नमुने घेऊन, 40 हर्ट्झच्या वरचे सर्व गाळून, मगच दर पाचवा नमुना ठेवतो. रेघ गेली. डिस्कखाली रबर घालण्यापेक्षा हा उपाय मला अधिक भरवशाचा वाटतो, कारण तो पंख्यालाही लागू पडतो.

चिपचा स्वतःचा गोंगाट मात्र गाळून जात नाही. 10 हर्ट्झच्या पट्ट्यात तो गुरुत्वत्वरणाच्या सुमारे 1.3 सहस्रांश भरतो, तर एडीएक्सएल355 या अधिक संवेदनशील चिपमध्ये तो 0.1 सहस्रांशाच्याही खाली राहतो. जवळचा, स्पष्ट जाणवणारा भूकंप टिपायला पहिली चिप पुरते. दूरच्यासाठी दुसरीच हवी.

घड्याळाकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही, असे माझे ठाम मत आहे. पी-लहर, म्हणजे भूकंपाची सर्वांत आधी पोहोचणारी लहर, कवचात सेकंदाला साधारण 6 किलोमीटर जाते, म्हणजे एका सेकंदाची चूक भूकंपकेंद्राच्या अंतरात 6 किलोमीटरची चूक ठरते. यूएसबीवरचा विलंब कमीजास्त होत असल्याने वेळेचा शिक्का आर्डुइनोवरच मारावा आणि तिथले घड्याळ एनटीपीशी (नेटवर्कवरून अचूक वेळ देणारी पद्धत) वरचेवर जुळवून घ्यावे.

त्सुनामीबद्दल वारंवार विचारणा होते. त्वरणमापकाला त्सुनामी कळत नाही. त्याला कळतो तो तिच्या आधीचा भूकंप. 4000 मीटर खोल समुद्रात लाट सेकंदाला सुमारे 200 मीटर जाते, तर पी-लहर त्याच्या तीसपट वेगाने, म्हणून दूरच्या किनाऱ्याला अवधी मिळतो. तरीही केवळ हादऱ्याच्या जोरावरून लाटेचा अंदाज बांधणे धोक्याचे आहे: 1992 साली निकाराग्वाच्या किनाऱ्यावर हादरा सौम्य होता, पण लाटा प्रचंड आल्या. अशा संथ भूकंपाची दीर्घ आवर्तने आपल्या चिपच्या गोंगाटात बुडून जातात. लाटेची खात्री समुद्रतळावरचे दाबमापकच करू शकतात, त्यामुळे आपल्या यंत्राच्या इशारा-संदेशात ‘त्सुनामी’ हा शब्द मी मुळीच ठेवलेला नाही.

पुढचे काम दुसरे यंत्र बसवण्याचे आहे. एकट्या यंत्राला दार आपटणे आणि भूकंप यांतला भेद सांगता येत नाही; दोन यंत्रे एकमेकांपासून 12 किलोमीटरवर असतील, तर पी-लहरीच्या आगमनात फार तर 2 सेकंदांचा फरक पडेल. कमकुवत भूकंपात ट्रिगर बहुधा एस-लहरीवर, म्हणजे पी-लहरीमागून येणाऱ्या अधिक जोरदार लहरीवर, होतो आणि ती सेकंदाला साधारण 3.5 किलोमीटरने येते, म्हणून दोन्ही यंत्रांचे ट्रिगर एकाच भूकंपाचे मानण्याची मर्यादा मी 4 सेकंद धरली आहे.